नजर गेली, किल्ल्या का गेल्या?



१५ ऑक्टोबरला दोन दिन एकत्र येतात. एक पांढऱ्या काठीचा, म्हणजे अंध व्यक्तींच्या स्वतंत्रपणे वावरण्याच्या हक्काचा. दुसरा ग्रामीण स्त्रियांचा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार तो २००८ पासून पाळला जातो. दोन्हींचे कार्यक्रम मात्र वेगवेगळ्या सभागृहांत होतात. अंधांच्या कार्यक्रमात बायका थोड्या असतात आणि बायकांच्या कार्यक्रमात अंध बाई क्वचितच दिसते. जिला दोन्हीकडे मानाने बोलवायला हवे, ती गावातली पन्नाशीची, नजर हळूहळू अधू होत चाललेली बाई घरातच असते. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारते, तांदळात खडे राहिले म्हणून बोलणी खाते. तिला अजून कोणी अंध म्हणत नाही. ती स्वतःही म्हणत नाही.

पुरुषाला पेपर वाचता येईना, गाडी चालवताना समोरचे दिसेना, की घरात लगेच धावपळ सुरू होते. बाईचे तसे होत नाही. दूध उतू गेले, भाजीत मीठ दोनदा पडले, तर ते दुखणे ठरत नाही, वेंधळेपणा ठरतो. बाईच्या कामाला डोळे लागतात हेच मुळी कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण ते काम आहे हेच कोणाच्या ध्यानात नसते. जगभरात नजर अधू झालेल्या किंवा गमावलेल्या माणसांपैकी सुमारे ५५ टक्के स्त्रिया आहेत. बायका जास्त जगतात हे त्याचे एक कारण, पण एकमेव नव्हे. उपचार त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतात हेही कारण आहे.

आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात राष्ट्रीय पाहणी झाली. पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाला सुमारे दोन-तृतीयांश वेळा कारण होते मोतीबिंदू. म्हणजे जो शस्त्रक्रियेने बरा होतो, तोच. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांतून शस्त्रक्रिया मोफत होते. तरी बाई मागे राहते. 'पिकू दे, मग काढू' असे तिला सांगितले जाते. हा सल्ला जुना झाला. आजच्या शस्त्रक्रियेसाठी मोतीबिंदू पूर्ण पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकलेला काढणे अवघड जाते. खरी अडचण पुढची असते. बरोबर कोण जाणार? त्या दिवसाची मजुरी कोण भरून देणार? आणि डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, धुरात बसायचे नाही, जड उचलायचे नाही, हे पथ्य ती पाळेल तेव्हा चूल कोण पेटवणार? शस्त्रक्रिया मोफत आहे, बाईची सुट्टी मोफत नाही. बचत गटातल्या चौघींनी पाळी लावून त्या घरचे पाणी भरले, दोन वेळच्या भाकरी केल्या, तर एक बाई पुन्हा पाहू लागते. याला ना अनुदान लागते ना प्रस्ताव.

दोन दुखणी मात्र अशी आहेत की तिथे उशीर भरून निघत नाही. काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते, न दुखता, न कळता. आणि गेलेली नजर परत येत नाही. वेळीच कळले तर थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने उरलेली नजर राखता येते. त्याचा एक प्रकार एकाएकी येतो: डोळा लाल होऊन असह्य दुखतो, डोके ठणकते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. हा प्रकार बायकांत जास्त आढळतो. 'पित्त झाले असेल' म्हणून तो दिवस घालवू नये. दुसरे दुखणे मधुमेहाचे. साखर असलेल्या प्रत्येकीने, नजर कितीही चांगली वाटली तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला हवा.

पण सगळे करूनही काही जणींची नजर परत येणार नाही. या अंकापुरते आम्हांला मुख्यतः त्यांच्याबद्दलच बोलायचे आहे.

नजर जाऊ लागली की बाईकडून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. पहिल्यांदा चूल, 'भाजशील' म्हणून. मग बाजार, मग पैसे, मग कपाटाच्या किल्ल्या. शेवटी सही. 'तुला कशाला त्रास, आम्ही बघतो' हे वाक्य मायेनेही म्हटले जाते आणि जमिनीवर डोळा ठेवूनही. ऐकणारीला दोन्हींतला फरक कळायला वेळ लागतो. एकीकडे काम काढून घेतल्याने ती घरात 'बसून खाणारी' ठरते, दुसरीकडे बसल्या जागी करण्यासारखी सगळी कंटाळवाणी कामे तिच्या पुढ्यात येऊन पडतात. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण आपण हसत वापरतो. त्यातले आंधळे दळत होते, म्हणजे काम करत होते, हे कोणी बोलत नाही. आणि कुत्रे हाकलणे कोणाचे काम होते, हेही विचारत नाही. नवरा आंधळा म्हणून स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधणारी गांधारी आपण पतिव्रता म्हणून डोक्यावर घेतली. बायकोची नजर गेली म्हणून तिच्यासाठी असे काही सोसणारा नवरा आपल्या पुराणांत कोणाला आठवतो का?

कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम १३ सांगते की अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, वारसाने मिळवण्याचा, स्वतःचा पैसा स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेचे कर्ज घेण्याचा हक्क आहे. त्याच कलमात असेही आहे की मदत करणाऱ्याचे आणि तिचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध जात असतील, तर त्या व्यवहारात त्याने मदतीला बसायचेच नाही. वाटणीच्या कागदावर अंगठा घ्यायला येणाऱ्या भावाला हे वाचून दाखवावे. कलम ३७ प्रमाणे गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा राखीव आहे आणि त्यात अपंग स्त्रियांना अग्रक्रम आहे. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारता येणार नाही, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सर्व बँकांना कळवले आहे. आणि हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाची जी कारणे दिली आहेत, त्यांत अंधत्व नाही. 'आंधळी झाली, माहेरी ने' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक असो.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. नजर गेलेल्या काही माणसांना नसलेल्या गोष्टी दिसतात: फुले, जाळीची नक्षी, छोटी छोटी माणसे. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने या अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांचा असा अनुभव नोंदवला; त्याचेच नाव या अवस्थेला आहे. डोळ्यांकडून मेंदूकडे काही येईनासे झाले की मेंदू स्वतःच चित्रे रचतो. हे वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही. आपल्याकडे मात्र बाई हे सांगत नाही, कारण सांगितले तर भगताकडे नेतील किंवा 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणतील. तिला कोणीतरी आपणहून विचारले पाहिजे, आणि 'असे होते, डॉक्टरांना सांगू या' एवढे म्हटले पाहिजे. निम्मी भीती तिथेच जाते.

मग आधार द्यायचा म्हणजे काय करायचे? पहिले म्हणजे तिला रडू द्यायचे. 'देवाची मर्जी' किंवा 'खंबीर हो' हे दोन्ही तिचे तोंड बंद करण्याचेच प्रकार. दुसरे, तिला विचारल्याशिवाय हात धरून ओढायचे नाही. आपला कोपर तिच्या हाती द्यायचा आणि अर्धे पाऊल पुढे चालायचे. खोलीत आलो की नाव सांगायचे, जाताना 'जाते' म्हणायचे. 'तिकडे', 'इथे' असे न म्हणता 'तुझ्या डाव्या हाताला' म्हणायचे. आपल्या ताटाला डावी-उजवी बाजू आहेच: मीठ, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. ती शिस्त पाळली तरी तिला कोणी भरवावे लागत नाही. डाळींच्या डब्यांना रबर लावावेत, तुरीला एक, मुगाला दोन. आणि डबे कोणी हलवू नयेत. चूल काढून घेण्यापेक्षा तिच्या शेजारी काही दिवस उभे राहावे. साध्या स्मार्टफोनमध्येही आता मजकूर वाचून दाखवण्याची सोय असते. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे 'मणि' नावाचे ॲप २०२० पासून आहे. हे शिकवायला गटातली एखादी कॉलेजची मुलगी पुरते.

आता थोडे आपल्याबद्दल. आपले गट, आपली केंद्रे यांत अशा बाईला जागा आहे का? गटाचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला जातो का, की नजर गेलेलीने विश्वासावर मान डोलवायची? अंध बाई मारहाणीची, अत्याचाराची तक्रार घेऊन आली तर 'पण तू पाहिले कुठे?' हा प्रश्न आपल्याही ओठांवर येतो का? २०२१ मध्ये पटान जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. जन्मापासून अंध असलेल्या दलित तरुणीने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. न्यायालयाने बलात्काराची शिक्षा कायम ठेवली आणि अपंग स्त्रीची साक्ष केवळ अपंगत्वामुळे दुय्यम ठरत नाही असे स्पष्ट सांगितले. जात, लिंग आणि अपंगत्व यांचा जाच एकाच बाईवर एकत्र होतो, हेही त्या निकालात मांडले आहे. चळवळीत आपण या तिन्हींसाठी तीन वेगळ्या बैठका घेत आलो.

सरकारने 'अपंग' हा शब्द बदलून 'दिव्यांग' केला. शब्द कोणताही वापरा; बाईच्या हाती तिच्या किल्ल्या राहिल्या का, एवढे पाहा. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या, कमी दिसू लागलेल्या बायकांच्या घरी जावे. जिचे डोळे बरे होण्यासारखे आहेत तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. जिचे होणार नाहीत तिच्याबरोबर दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात, खात्यासाठी बँकेत जावे आणि पुढच्या बैठकीला तिला घेऊन यावे. बैठकीत तिच्या वतीने कोणी बोलू नये. ती बोलेल.