किती कांजी झाल्या?

मी जपानी शिकते आहे हे कळले की पुण्यात जो तो एकच प्रश्न विचारतो : ‘किती कांजी झाल्या?’ मुलाला पाढे कुठवर आले, असे विचारावे तसा. माझा आक्षेप या प्रश्नालाच आहे. वाचन म्हणजे काय, याविषयीचा आपला जुना गैरसमज त्यात दडलेला आहे.

मोजायचेच तर आकडा तयार आहे. जपान सरकारच्या 2010च्या यादीत नित्य वापराच्या 2,136 कांजी आहेत. त्यांपैकी 1,026 प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवल्या जातात. घरी बसून शिकणारा नवशिका कार्डे करतो, एका बाजूला चिन्ह, दुसऱ्या बाजूला ‘पाणी’, आणि रोज दहा ‘संपवतो’. मीही सहा महिने हेच केले. मग मुलांचे एक पुस्तक उघडले. चिन्ह ओळखीचे, पण शेजारी बारीक अक्षरांत दिलेला उच्चार दर वेळी निराळा!

‘पाणी’चे चिन्ह एकटे असताना ‘मिझु’ वाचतात. ‘बुधवार’ या शब्दात तेच ‘सुइ’ होते. पहिला उच्चार मूळ जपानी, दुसरा चिनीतून आलेला. मराठीच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. आपणही ‘पाणी’ पितो आणि ‘जलाशय’ लिहितो. जपानीत अशा दोन शब्दांना चिन्ह एकच, एवढाच फरक. ‘2’ हा अंक आपण एरवी ‘दोन’ वाचतो, पाढ्यात ‘बे’, आणि ‘2रा’ लिहिले की ‘दुसरा’. कोणता उच्चार घ्यायचा हे अंक सांगत नाही, त्याचा शेजार सांगतो. कांजीही शब्दातच वाचायची असते. शब्दाबाहेर काढून मोजलेली कांजी म्हणजे केवळ आकडा.

‘परीक्षेला तेवढे पुरते’, असा प्रतिवाद होईल. तो खराच आहे. 1984 पासून घेतल्या जाणाऱ्या जेएलपीटी परीक्षेत उत्तर पर्यायांतून निवडायचे असते. सर्वोच्च पातळीवरही स्वहस्ते एकही कांजी लिहावी लागत नाही. नोकरीसाठी ती परीक्षा देणाऱ्यांना मी मुळीच हिणवत नाही. पण परीक्षेत नाही म्हणजे अनावश्यक, हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. ‘गाइड’ वाचून कादंबरीवर गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण वाचक म्हणत नाही.

‘वाट पाहणे’ आणि ‘हाती धरणे’ या अर्थांच्या दोन कांजींची उजवी बाजू एकच आहे. सारा भेद डावीकडच्या तीन रेघांत. पर्याय निवडणारा डोळा इथे महिनोन्‌महिने फसत राहतो. रेघांचा क्रम पाळून गिरवणाऱ्या हाताला तो भेद पहिल्याच दिवशी कळतो.

हे सारे मराठीच्या प्राध्यापकांना का सांगायचे? कारण शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूवर आपण व्याख्याने देतो, आणि मूळ जपानी हायकूंचे दाखले मात्र इंग्रजी अनुवादांतून घेतो. याच शहरात, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, कित्येक वर्षे जपानी शिकवली जात आहे. अभियंते ती शिकतात. आपल्याला मात्र ते आपले काम वाटत नाही. सतरा अक्षरांच्या कवितेसाठीही ज्याला मध्यस्थ लागतो, त्याने तिच्या ‘अल्पाक्षरत्वा’वर बोलताना थोडा संकोच बाळगावा.

तेव्हा यापुढे मला ‘किती झाल्या?’ असे विचारू नका. ‘काय वाचलेस?’ असे विचारा. उत्तर ऐकून हसू येईल : मुलांच्या पुस्तकाची चार पाने. पण ती मी वाचली आहेत.