शौर्य आणि सराव

मनोरीच्या धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे समुद्र हा मुंबईचा कोट नसून उघडा दरवाजा आहे, हें कोणासही कळतें. 2008 सालच्या 26 नोव्हेंबरास दहा हल्लेखोर याच समुद्रांतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशीं उतरले व 166 जीव गेले. त्या रात्रीं गिरगांव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनीं केवळ लाठीनिशीं जाऊन कसाबची रायफल धरली. प्राण गेला, पण मारेकरी जिवंत सांपडला. 2009 सालीं त्यांस मरणोत्तर अशोकचक्र अर्पण झालें, तें यथायोग्यच होय. परंतु एकाच्या शौर्यानें सर्वांची गाफिली झांकत नाहीं.

सरावास काडतुसें पुरत नव्हतीं, हें राम प्रधान समितीनें दाखवून दिलें. पुढें फोर्स वन पथक उभें राहिलें. तथापि संकटाची पहिली गांठ पडते ती नाक्यावरच्या शिपायाशीं. नेम साधणें, आडोसा धरणें, जखम बांधणें यांची गोडी त्यास कशी लागावी? आमच्या मतें नुसत्या हुकुमानें नव्हे. निशाणापुढें वरिष्ठानें आधीं उभें राहावें. बढतीच्या वेळीं नेमाची परीक्षा धरावी. आणि सरावाचा दिवस बंदोबस्तानें गिळूं नये. कच्च्या हातांतील बंदूक भर बाजारांत चोरापेक्षां सावासच अधिक घातक. व्यापारी दुकानाचा विमा उतरतो, तो पैसा वायां गेला असें म्हणत नाहीं. सरावाचें काडतूस हा शहराचा विमाच होय. ओंबळे यांच्या प्रतिमेस हार घालतांना, त्या रात्रीं त्यांच्या हातांत काय होतें, एवढें प्रत्येकानें मनांत आणावें.