हरवलेल्या जोड्यांचा हिशेब

थंडी पडली की पेणच्या पुढं, गडबकडच्या शेतांत संध्याकाळी पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा भरायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. आत काय चाललंय ते उघडून बघायची सोय नाही. उघडलंत की बिघडली पोपटी! मग आच किती लागली ते कळतं कसं? बाहेर आलेल्या शेंगांवरून. कोवळ्या करपल्या आणि जून नीट शिजल्या, की जाणता माणूस बरोबर अंदाज बांधतो.

असंच एक न उघडता येणारं मडकं शास्त्रज्ञांपुढंही आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत २७ किलोमीटर घेराचं यंत्र आहे. २०१० पासून त्यात शिशाची अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं एकमेकांवर आदळवतात. टकरीतून सूर्याच्या गाभ्याहून लाखपटीनं जास्त तापलेला इवलासा गोळा तयार होतो. त्यात प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून आतले क्वार्क मोकळे होतात. गोळा निवला की क्वार्क पुन्हा एकत्र येतात आणि नेहमीचे कण बनतात.

प्रश्न असा, की हे कण लगेच पांगतात, की थोडा वेळ गर्दीत धक्काबुक्की करत राहतात? इतका छोटा वेळ मोजणारं घड्याळ कुठून आणायचं?

घड्याळ त्या गर्दीतच सापडलं! ‘स्ट्रेंज’, म्हणजे विचित्र नावाचा एक क्वार्क असतो. तो ज्यात आहे असा एक कण म्हणजे ‘के-स्टार’. त्याचं आयुष्य किती? एका सेकंदाचे, एकावर तेवीस शून्यं इतके भाग करा. त्यातला जेमतेम एक भाग! मग तो फुटतो आणि एक केऑन व एक पायॉन अशी जोडी निघते. ही जोडी नीट बाहेर आली, तर तिचा वेग आणि दिशा बघून ‘हा के-स्टार होता’ असं ओळखता येतं. पण गर्दीतच फुटला तर? जत्रेत दोघा भावंडांचे हात सुटावेत, तशी जोडी धक्के खाऊन भलतीकडे जाते. हिशेब जुळत नाही. गर्दीत नव्या जोड्या जुळून नवे के-स्टारही बनतात, पण हरवणारे जास्त.

दुसरा कण ‘फाय’. तो साधारण दहापट जगतो, म्हणून बहुतेक वेळा गर्दीबाहेर येऊनच फुटतो.

सर्नच्या ‘अ‍ॅलिस’ प्रयोगानं २०१५ साली दोघांची मोजदाद प्रसिद्ध केली. साध्या प्रोटॉनच्या टकरींच्या मानानं, शिशाच्या समोरासमोरच्या टकरींत केऑनमागे के-स्टार कमी भरले. फायचं प्रमाण मात्र जवळपास तेवढंच राहिलं. म्हणजे गोळा निवल्यावरही गर्दी काही काळ टिकते! ती निदान किती टिकली असेल, याचा हिशेबही या तुटीवरूनच मांडला गेला. आणि बरं का, अ‍ॅलिसमध्ये भारतातल्या अनेक संस्था आहेत. आपल्या पवईची आयआयटीही त्यात आहे.

मधल्या सुट्टीत करून बघा. मैदानात दाट घोळका करा. काही जोड्या हात धरून आतून निघू द्या. निम्म्यांनी घोळक्यातच हात सोडायचे, निम्म्यांनी बाहेर आल्यावर. लांब उभ्या असलेल्या मित्राला जोड्या ओळखायला सांगा. किती चुकल्या तेही लिहून ठेवा हं. न सापडलेल्या जोड्या मोजल्या, म्हणून तर ती गर्दी कळली!