अंतरपाटाची परीक्षा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या धंद्यात दोनच विषय निघतात: तारखा किती भरल्या आणि यंदा कॅमेरा कोणता घ्यायचा. दुसऱ्याचं उत्तर अलीकडे न विचारताच मिळतं, मिररलेस. तरीही लाखाच्या वरचा हँडीकॅम घ्यावा का, असं विचारणारे व्यावसायिक भेटतात. त्यांच्या मनात बहुधा सोनीचा एफडीआर-एएक्स 700 असतो. 2017 साली आलेल्या या कॅमेऱ्यात एक इंची सेन्सर, 12 पट ऑप्टिकल झूम आणि फोर-के आहे. पण तो चांगला की वाईट हे कोणाच्या कामासाठी, ते आधी ठरवायला हवं.

कुंभारीचंच उदाहरण घेऊ. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागणाऱ्या या गावाजवळ 2006 मध्ये विडी कामगार महिलांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. 19 जानेवारी 2024 रोजी इथल्याच रे नगरात आणखी 15,000 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. एवढ्या वस्तीत लग्नाच्या ऑर्डरींना तोटा नाही, पण बजेट बेताचं. तीन माणसांची टीम परवडत नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं एकट्याने घ्यायचं आणि आहेर देणारा एकही पाहुणा सुटता कामा नये. मामांचा चेहरा आला नाही, तर त्याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

अशा कामात हँडीकॅम आपली किंमत वसूल करतो. अनेक डीएसएलआर अर्ध्या तासाच्या आत रेकॉर्डिंग थांबवत. त्यामागे युरोपातल्या कराचंही कारण होतं: सलग 30 मिनिटं रेकॉर्ड करणारं यंत्र तिथे व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर जादा कर बसे. हँडीकॅमला ही वेळमर्यादा कधीच नव्हती. लेन्स न बदलता स्टेजवरून थेट मांडवाच्या टोकाला पोचता येतं. एनडी फिल्टर आतच असल्याने भर दुपारच्या वरातीत शटर 1/50 वर ठेवूनही चित्र जळत नाही. शिवाय दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग होतं. एक कार्ड दगा देऊ शकतं आणि लग्न काही पुन्हा लागत नाही, तेव्हा माझ्या मते हीच यातली सर्वांत मोठी सोय.

मात्र कार्डाचा हिशेब आधी मांडा. फोर-के 100 एमबीपीएसवर तासाला 45 जीबी होतात. सहा तासांचे 270 आणि दोन्ही कार्डं धरली तर 540 जीबी. गिऱ्हाईक शेवटी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून बघणार असेल, तर फुल एचडीवर 50 एमबीपीएसने निम्म्यात भागतं.

आता खरी परीक्षा. मंगलाष्टका चालू आहेत, फ्रेमच्या मधोमध पांढरा अंतरपाट. ऑटो एक्स्पोजर त्या पांढऱ्यावर जाऊन नवरीचा चेहरा काळवंडतो. अंतरपाट दूर झाला की चित्र भसकन उजळतं. फोकसही कापडाला चिकटलेला असतो. म्हणून एक्स्पोजर चेहऱ्यावर धरून आधीच लॉक करा, आणि अंतरपाट हलताच फोकस किती लवकर चेहऱ्यांवर येतो ते बघा. एएक्स 700 मध्ये ऑटोफोकसचे 273 फेज डिटेक्शन बिंदू आहेत. फोकसचा वेग आणि विषय बदलण्याची तत्परता वेगवेगळी ठरवता येते. ही सेटिंग्ज घरी पांढरी चादर धरून जुळवा. तेलुगू पद्धतीच्या लग्नात जिरे-गुळाच्या मुहूर्तालाही मध्ये पडदा असतोच, तीच तयारी तिथेही कामाला येईल.

उणिवाही मोठ्या आहेत. एक इंची सेन्सरचं क्षेत्रफळ फुल-फ्रेमच्या साडेसातव्या हिश्श्याहून किंचितच जास्त. त्यात टेलीच्या टोकाला लेन्स एफ 4.5 वर येते, म्हणजे रात्रीच्या वरातीत लाइट बरोबर हवाच. वाइड 29 मिलिमीटरपासून सुरू होतं. दोन खोल्यांच्या घरातली हळद घेताना पाठ भिंतीला टेकते. फोर-के 25 फ्रेम्सवरच थांबतं, त्यामुळे फोर-केत स्लो मोशनची आशा सोडा. एक्सएलआर नाही, फक्त साडेतीन मिलिमीटरचा माइक जॅक. साउंडवाल्याच्या मिक्सरची लाइन त्यात सरळ घातली तर सनई फाटून येईल. अटेन्युएटर केबल जवळ ठेवा.

आमचं मत स्पष्ट आहे. ऑर्डरी रील आणि सिनेमॅटिकच्या असतील तर या कॅमेऱ्याच्या वाटेला जाऊ नका. पार्श्वभूमी धूसर करायला मोठा सेन्सरच लागतो. पण वर्षातली बरीचशी कामं एकट्याने, पूर्ण लग्नाची, शाळेच्या गॅदरिंगची किंवा कीर्तन-सप्ताहाची असतील, तर हा पैसा वाया जाणार नाही. विकत घेण्याआधी मात्र एका ऑर्डरीपुरता भाड्याने आणा आणि आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्याशेजारी चालवा. हॉलमधल्या स्वस्त एलईडीखाली 1/50 आणि 1/100 दोन्ही शटर लावून पट्टे दिसतात का बघा. दुपारच्या उन्हात तासभर सलग रेकॉर्डिंग करून बॅटरी आणि बॉडी किती तापते तेही तपासा. मग गिऱ्हाईक ज्यावर बघणार तशाच टीव्हीवर फुटेज लावा आणि हप्त्याची वही उघडून बसा: या यंत्राचा महिन्याचा हप्ता तुमच्या सध्याच्या दरात किती लग्नांत फिटतो? ते गणित जमत नसेल, तर घेऊ नका.