न दिसणारी रांग

व्हीएफएक्सचा दहा सेकंदांचा एक शॉट म्हणजे, २४ फ्रेमच्या हिशेबाने, २४० स्वतंत्र चित्रफाइली. त्या सामायिक सर्व्हरवर असतात आणि रेंडरची यंत्रे त्या एनएफएसमार्फत उघडतात. अंधेरी पूर्वेतल्या अशाच एका स्टुडिओत भर दुपारी फोल्डरची नुसती यादी यायलाही वेळ लागत होता. प्रोसेसर मोकळा, डिस्कवर ताण नाही, नेटवर्क निम्मेही भरलेले नाही, लॉगमध्ये एकही त्रुटी नाही. फक्त ‘डी’ अवस्थेत, म्हणजे आय/ओची वाट पाहत, अडकलेल्या प्रोसेस वाढत होत्या. क्लायंटच्या आकडेवारीत सर्व्हरपर्यंतची फेरी २ मिलिसेकंदांची दिसत होती, मात्र विनंती पुरी व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ जात होता. थोडक्यात, विनंत्या यंत्रातून बाहेर पडण्यापूर्वीच खोळंबत होत्या.

याचे मूळ सेशन उघडतानाच्या वाटाघाटीत आहे. एनएफएस ४.१ मध्ये (२०१० चे आरएफसी ५६६१, २०२० पासून आरएफसी ८८८१) एका वेळी किती विनंत्या पाठवायच्या, त्या केवढ्या असाव्यात आणि केवढे उत्तर जपून ठेवायचे, याची मागणी क्लायंट मांडतो. सर्व्हर ती मान्य करतो किंवा खाली आणतो. ही कपात कंजुषी नव्हे. प्रत्येक विनंतीला एक स्लॉट लागतो आणि त्या स्लॉटवरचे शेवटचे उत्तर सर्व्हरला जपावे लागते, कारण जोडणी तुटून तीच विनंती पुन्हा आली तर फाइल पुसण्याची किंवा नाव बदलण्याची क्रिया दुसऱ्यांदा होता कामा नये. पूर्वीच्या आवृत्त्यांत ही आठवण अंदाजपंचे चाले, ताण वाढला की जुन्या नोंदी गळत. ४.१ ने हमी दिली, पण तिची किंमत राखीव मेमरीत मोजावी लागते, आणि पुढे आणखी किती क्लायंट येणार हे ठाऊक नसताना सर्व्हरला ती वाटून द्यावी लागते.

हे वाटप किती सहज चुकते, याचे उदाहरण लिनक्सच्या सर्व्हरमध्येच आहे. एकाच क्लायंटने सगळ्यांसाठीच्या एकूण मेमरीचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा घेऊ नये, हा हेतू रास्त होता. प्रत्यक्षात गणिताने एका सेशनच्या मर्यादेचाच एक तृतीयांश धरला आणि सेशनला जेमतेम १० स्लॉट मिळू लागले. दुरुस्ती २०१९ मध्ये झाली. लिनक्सचा क्लायंट एरवी ६४ मागतो. फेरी २ मिलिसेकंदांची धरली, तर एक स्लॉट सेकंदाला फार तर ५०० विनंत्या नेतो: १० स्लॉट ५,०००, ६४ स्लॉट ३२,०००. यंत्रे तीच, केबलही तीच. नियमभंग कुठेच नाही, म्हणून त्रुटीही नाही.

काळजी पुढची आहे. साठवण अंधेरीच्या इमारतीतून उचलून नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये नेली की फेरीचा वेळ वाढतो, आणि स्लॉट तेवढेच राहिले तर वेगाची कमाल मर्यादा त्याच प्रमाणात खाली येते. ‘एनकनेक्ट’ने जोडण्या वाढवून लिनक्समध्ये हे सुटत नाही, कारण साऱ्या जोडण्या एकाच सेशनचे स्लॉट वापरतात. (हा उपाय आधी सुचतो, कारण तो माउंटच्या एका ओळीत बसतो.) शिवाय ‘चालतंय ना’ म्हणून वर्षानुवर्षे न बदललेले कर्नल अजूनही पुष्कळ सर्व्हरवर आहेत. सेशन चालू असताना स्लॉट कमीजास्त करण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये पहिल्यापासून आहे आणि अलीकडच्या लिनक्स सर्व्हरमध्ये ती प्रत्यक्षात उतरते आहे. ती हवीच. पण मग सकाळी मोजलेले स्लॉट मेमरीच्या ताणाखाली दुपारी तेवढेच असतील याची खात्री उरत नाही, आणि दुपारची तक्रार संध्याकाळी तपासायला बसलेल्याला सगळे सुरळीत दिसते.