दोन दिवस, दोन रंगमंच
मुंबईतील नाट्यरसिकाचा शनिवार-रविवार वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिरातींपासून सुरू होतो. तिकिटे मोबाइलवर मिळू लागली, तरी त्या चौकटी न्याहाळून दोन दिवसांचा बेत आखण्याची रीत अद्याप मोडलेली नाही. अशा बेताचे स्वाभाविक केंद्र म्हणजे दादरचे श्री शिवाजी मंदिर. १९६५मध्ये उभे राहिलेले हे नाट्यगृह स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असून, तिसरी घंटा, म्हणजे पडदा उघडण्यापूर्वीची अखेरची सूचना, होण्याआधीची लगबग आणि मध्यंतरातील गरम बटाटावडा हे तेथील नाट्यानुभवाचेच भाग मानले पाहिजेत.

मात्र दोन्ही दिवस व्यावसायिक नाटकांनाच देणे म्हणजे निम्म्या रंगभूमीकडे पाठ फिरवणे होय. धंद्याच्या गणितापेक्षा आशय आणि मांडणीतील शोधाला महत्त्व देणारी ती प्रायोगिक रंगभूमी. १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तिने मराठी नाटकाला नवे बळ दिले. आज तिच्यासाठी रविवारची संध्याकाळ राखून जुहूच्या पृथ्वी थिएटरकडे वळता येते. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी १९७८मध्ये सुरू केलेल्या या छोट्या नाट्यगृहात प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात, त्यामुळे नटाच्या कपाळावरचा घाम आणि संवादापूर्वी घेतलेला श्वासही जाणवतो. तेथे उशिरा येणाऱ्यास प्रवेश नसतो, आणि ही शिस्त प्रत्येक नाट्यगृहाने अंगीकारावी, असे या नियतकालिकाचे ठाम मत आहे.