व्हायरस जाईना तेव्हा

खाटेला ढेकूण झाले की आमची आजी औषध फवारीत बसत नसे. खाट अंगणात काढून तिच्यावर ती सरळ उकळते पाणी ओतीत असे. संगणकातल्या व्हायरसच्या बाबतीत मीही आता आजीच्या पक्षाची झाले आहे. मात्र त्यासाठी मला किंमत मोजावी लागली.

गेल्या वर्षी प्रकल्पासाठी मी उरणकडच्या आमच्या गावातले आगरी लग्नाचे धवले उतरवून घेतले. धवलारीण म्हणून आजीला पंचक्रोशीत मान आहे. ती सांगे, मी मामाच्या मुलाच्या लॅपटॉपवर टाइप करी. फाइली मात्र माझ्या पेन ड्राइव्हवरच. एका झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी दिलेला तो पेन ड्राइव्ह परत आला, तेव्हा फाइलींच्या जागी नुसते शॉर्टकट! लॅपटॉपवर अँटिव्हायरस चालविला. 'सर्व स्वच्छ' अशी त्याने ग्वाही दिली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, की शॉर्टकट हजर. चार दिवस हाच खेळ चालला.

याचे कारण मला नंतर उमगले. अँटिव्हायरस हा विंडोजच्या घरात राहणारा पहारेकरी. तो प्रामुख्याने ओळखीचे चोर धरतो, आणि चोर आधीच घरात ठाण मांडून असेल तर पहारेकऱ्याचीच फसगत होते. अशा वेळी पहारेकरी बाहेरून आणावा लागतो. दुसऱ्या निर्मळ संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचे. विंडोज झोपलेली, तिच्याबरोबर व्हायरसही झोपलेला, मग तपासणी करायची. त्यानेही भागले नाही तर डिस्क कोरी करून विंडोज नव्याने भरायची. आम्ही शेवटी तेच केले, आणि लॅपटॉप सुधारला. पण त्याआधीच मी रागाच्या भरात पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून त्यावर दुसरेच काही भरले होते. हा व्हायरस फाइली पुसत नाही, नुसत्या लपवितो, हे मला त्यानंतर कळले! आजी पाणी ओतण्यापूर्वी गोधडी बाजूला काढीत असे, ते मी विसरले.

आपल्या शेजारच्या न्हावा शेवा बंदराने याहून मोठा धडा पाहिला आहे. 27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला जगभर गाठले आणि तिच्याच समूहाकडून चालविले जाणारे इथले टर्मिनलही ठप्प झाले. पडद्यावर खंडणीची मागणी झळके, परंतु पैसे भरूनही डेटा परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. तिथे औषध चालले नाही. मेर्स्कने सुमारे दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे केले. ते जमले कशामुळे? साऱ्या जाळ्याची किल्ली असलेल्या सर्व्हरच्या प्रती जगभर नष्ट झाल्या होत्या. घानातली एक तेवढी वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. भारनियमनाला नावे ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

महाविद्यालयाने अधिक महागडा अँटिव्हायरस घ्यावा, असे आपल्यापैकी काहींचे मत आहे. घ्यावा; माझा विरोध नाही. परंतु प्रकल्प स्वीकारताना मराठी विभागाने छापील प्रतीबरोबर फाइलही मागून घ्यावी, आणि ती ग्रंथालयात अशा डिस्कवर ठेवावी की जी एरवी कोणत्याच यंत्राला जोडलेली नसेल. खर्च म्हणाल तर स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून खचित कमी. आपल्यातले कितीतरी विद्यार्थी गावोगावची गाणी, म्हणी, कहाण्या गोळा करून आणतात. त्या सांगणारी माणसे काही दुकानात विकत मिळत नाहीत.

आजी दिवाळीत माझ्यासाठी पुन्हा गायला बसली. बावीसपैकी एकोणीस धवले मिळाले. राहिलेल्या तिनांतला एक हळदीचा आहे. त्याची चाल तिला येते, शब्द आठवत नाहीत.